आठव्या जागेचं दुखणं: एका अभ्यासिकेतल्या रास्पबेरी पायचं प्रकरण

## पार्श्वभूमी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. गावाचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. वाचनालय ‘ब’ वर्गाचं. अनुदान येतं, पण पगार, वर्तमानपत्रं आणि पुस्तकखरेदी यांतच ते संपतं. माडीवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालते. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून या अभ्यासिकेला आठ रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचे संगणक, दिले, प्रत्येकी ४ जीबी मेमरीचे. मॉनिटर एका कार्यालयाने निकालात काढलेले, जुन्या व्हीजीए जोडणीचे. त्यासाठी आठ एचडीएमआय-व्हीजीए अडॅप्टर घेतले. ऑनलाइन अर्ज भरणं, हॉल तिकीट काढणं, सराव परीक्षा, मराठी टायपिंग आणि लेक्चरचे व्हिडिओ, एवढीच अपेक्षा होती. या कामांना रास्पबेरी पाय ४ पुरतो, त्यामुळे निवड चुकली होती असं म्हणता येणार नाही.

विजेची सोय मात्र लक्ष देऊन वाचावी अशी. माडीवर भिंतीला लागून एकच सहा मीटर लांब टेबल, त्यावर ओळीने आठ जागा आणि सगळ्या खोलीत मिळून एक स्विचबोर्ड, तोही दाराकडच्या टोकाला. आठ अडॅप्टर लावायचे तर एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडावं लागलं असतं. त्याऐवजी एलईडी पाट्यांना वापरतात तसला ५ व्होल्ट, २० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे पाच करून देणारा डबा, दाराशी बसवला. तिथून अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची जोडतार पट्टीतून टेबलभर फिरवली आणि प्रत्येक जागी तिला कनेक्टर लावून अर्ध्या मीटरची यूएसबी-सी केबल बाहेर काढली. काम नीटनेटकं होतं. जागांना दारापासून एक ते आठ असे आकडे चिकटवले होते.

## अडचण

पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एकेक कार्ड जायला लागलं. रास्पबेरी पायमध्ये हार्ड डिस्क नसते. सगळी प्रणाली मायक्रो एसडी कार्डावर असते. ते बिघडलं की यंत्र उठत नाही. कधी पडद्यावर फाइल सिस्टिमच्या चुकांच्या ओळी येत, कधी नुसता काळा पडदा आणि बोर्डावरचा हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबे. चार लुकलुकी म्हणजे सुरुवातीची फाइल, जिचं नाव ‘स्टार्ट’ने सुरू होतं ती, कार्डावर सापडत नाही.

यावर ठरलेला इलाज एकच: नवं कार्ड आणायचं, मूळ इमेज, म्हणजे प्रणालीची तयार प्रत, त्यावर चढवायची, यंत्र चालू करायचं. अर्ध्या तासाचं काम. मंडळातला एक इंजिनिअर मुलगा सुट्टीला आला की करून जाई, एरवी गावातला मोबाइल दुरुस्तीवाला करून देई. जुनं कार्ड पुसून पुन्हा वापरत किंवा टाकून देत. वर्षभरात डझनभर कार्डं झाली. अध्यक्षांचं मत पक्कं होऊ लागलं होतं की ही खेळणी वाचनालयाच्या कामाची नाहीत.

कार्डांवर संशय घ्यायला कारणही तसंच मिळालं. एका खेपेला स्वस्तात घेतलेली कार्डं एफ-थ्री नावाच्या तपासणी प्रोग्रामवर चालवली, तेव्हा त्यातलं एक बनावट निघालं. वर ६४ जीबी छापलेलं, प्रत्यक्षात त्याच्या पाव भागाहून कमी जागेवर लिहिता येत होतं. त्यापुढचं सगळं लिखाण गुपचूप हवेत जात होतं. पुरावा हातात आल्यावर दुसरीकडे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. कार्ड बनावट होतं हे खरंच होतं. पण ते होतं दोन नंबरच्या जागेवर, आणि तिथे त्यानंतर बिघाड झाला नाही.

मला बोलावलं गेलं ते २०२२ च्या मे महिन्यात, ‘चांगल्या कंपनीची आठ कार्डं सुचवा’ एवढ्याचसाठी.

## वहीतले आकडे

ग्रंथपाल बाईंनी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. देवघेवीच्या रजिस्टरची उरलेली पानं शिवून केलेली. रकाने तीनच: तारीख, जागा, काय झालं. मजकूर असा:

‘८ – चालू होत नाही. हिरवा दिवा चारदा. कार्ड बदलले.’
‘७ – मध्येच बंद होऊन परत चालू. मुलीचा अर्ज गेला.’
‘८ – कार्ड बदलले.’
‘६ – कार्ड बदलले.’
‘८ चे यंत्र २ ला, २ चे ८ ला लावून पाहिले.’
‘८ – कार्ड बदलले.’

पानं उलटत गेलं की आठ, सात, आठ, सहा, आठ, क्वचित पाच. एक आणि तीन यांचं नाव पूर्ण वर्षात नाही. बिघाडात दोन एकदाच आलेलं, बनावट कार्डाच्या वेळी. सगळ्यात बोलकी ओळ यंत्रांच्या अदलाबदलीची. दोन नंबरवर नीट चालणारं यंत्र आठवर आणलं आणि तेही आजारी पडलं. आठवरचं ‘खराब’ यंत्र दोनवर गेलं आणि सुधारलं. दोष बोर्डाबरोबर हलला नव्हता, जागेला चिकटून राहिला होता. त्या वेळी यावरून निष्कर्ष काढला गेला तो ‘बोर्ड चांगला आहे, म्हणजे कार्डच वाईट’ असा. तिसरी शक्यता कोणाच्या डोक्यात आली नाही.

ती डोक्यात येण्यासारखी खूण यंत्र स्वतः देत असतं. रास्पबेरी पाय ४ ला मिळणारा दाब (व्होल्टेज) सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की त्याच्या प्रणालीच्या त्या काळच्या बस्टर आवृत्तीत पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. इथे ती कधीच दिसली नव्हती. कॉन्फिगच्या फाइलमध्ये पाहिलं तर ‘अव्हॉइड वॉर्निंग्ज’ ही ओळ १ करून ठेवलेली. सुरुवातीला कोणीतरी मुलं घाबरतील म्हणून सूचना बंद केली असावी. तीच इमेज आठही कार्डांवर, आणि नंतरच्या प्रत्येक नव्या कार्डावर, चढत गेली.

दुसरी खूण लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नोंदवहीत, उमटते. दाब पडला की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तशी नोंद करतो. पण लॉग कार्डावरच असतो, आणि इलाज होता कार्ड पुसण्याचा. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती आपल्याच आजाराचा पुरावा नष्ट करत होती. वर्षभराचा इतिहास उरला तो फक्त बाईंच्या वहीत.

## तपास

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अभ्यासिका भरते. तेव्हा एकेका यंत्रावर ‘गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा चालवली. ही आज्ञा एक सोळा-आधारी आकडा देते. त्याचा शेवटचा अंक ‘आत्ता काय चाललंय’ ते सांगतो आणि उजवीकडून पाचव्या घरातला अंक ‘चालू केल्यापासून कधीतरी काय झालं’ ते. एक म्हणजे दाब कमी, चार म्हणजे वेग आवरला; दोन्ही मिळून पाच. पहिल्या तीन जागांवर उत्तर निव्वळ शून्य आलं. चार आणि पाचवर ०एक्स५००००, म्हणजे कधीतरी दाब पडला होता, आत्ता ठीक आहे. आठवर ०एक्स५०००५. तिथला मुलगा त्या क्षणी लेक्चर बघत होता आणि व्हिडिओ अडखळतोय म्हणून इंटरनेटला दोष देत होता.

वायरमनला हे मान्य नव्हतं, आणि त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. त्याने आधी एकदा सकाळी येऊन आठव्या जागेवर मीटर लावला होता. ‘साहेब, चार पूर्णांक नऊ दाखवलान. एसएमपीएसवर पाच. याच्यात कमी कुठं आहे?’ मीटर बरोबरच होता. फक्त सकाळी त्या टेबलावर आठ नंबरचं एकच यंत्र चालू होतं.

मग सगळी आठ यंत्रं चालू ठेवून आठव्या बोर्डाच्या ४ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांवर, मीटर धरला. यंत्रं नुसती चालू असताना ४.६३. आठही जणांना एकाच वेळी व्हिडिओ लावायला सांगितला, तर ४.४४. एसएमपीएसच्या तोंडाशी तेव्हाही ५.०२.

हिशेब कागदावर मांडला तर आकडे जुळतात. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम. जाणारी आणि येणारी मिळून दोन जागांमधला तुकडा सुमारे ११ मिलिओहमचा. ही किंमत क्षुल्लक वाटते, पण एसएमपीएसपासून पहिल्या जागेपर्यंतच्या तुकड्यातून आठही यंत्रांचा प्रवाह जातो, दुसऱ्यातून सातांचा, तिसऱ्यातून सहांचा. प्रत्येक यंत्र १.२ अँपिअर ओढत असेल तर आठव्या जागेपर्यंत जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. बारीक यूएसबी केबल आणि कनेक्टर आणखी एक दशांश खातात. घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये अर्धा व्होल्ट कोणी मोजतही नाही. पाच व्होल्टमध्ये तो दहा टक्के असतो. हे बोलणं झाल्यावर वायरमन म्हणाला, ‘म्हणजे वाडीच्या नळासारखं. वरच्या घरांनी नळ सोडले की खालच्याला थेंब.’ यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. दाब ४.६३ खाली गेला म्हणजे कार्ड लगेच खराब होतं असं नाही. आधी प्रोसेसर आपला वेग १५०० वरून ६०० मेगाहर्ट्झपर्यंत आवरतो, म्हणून यंत्र मंद वाटतं. नुकसान होतं ते क्षणभराच्या खोल घसरणीत, जी साध्या मीटरवर दिसत नाही. वीज जाऊन परत आली की आठही यंत्रं एकदम उठतात, तेव्हा ती येते. बोर्ड लिहिता लिहिता पुन्हा सुरू होतो. कार्डाच्या आत माहिती मोठ्या ठोकळ्यांनी पुसली आणि लिहिली जाते, कोणती माहिती कुठे ठेवली याचा तक्ताही कार्डच सांभाळतं. तो बदलत असताना वीज तुटली तर ज्या फाइलला कोणी हातही लावला नव्हता तीसुद्धा जाऊ शकते.

आणि हे कारण एकटं नव्हतं. रात्री आठ वाजता शिपाईमामा दिवे मालवतात तेव्हा त्याच स्विचबोर्डावरून संगणकही बंद होतात. आठही, एका बोटाने. शिवाय कोकणातला पावसाळा. वाऱ्याने फांदी तारेवर पडली की वीज गेली. ही तुटणारी वीज सगळ्या जागांना सारखीच लागते, पण आधीच अशक्त असलेल्या जागांवर तिचा परिणाम आधी दिसला असावा.

## कोणते पर्याय होते

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मुद्दे मांडले ते साधारण असे.

नामांकित कंपनीची, ए-१ खुणेची कार्डं घेणं हा पर्याय सगळ्यांच्या आवडीचा होता, कारण तो समजायला सोपा. ए-१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं यांची हमी. त्याने यंत्र चपळ होतं. वीज तुटल्यावर कार्ड वाचेल याची हमी मात्र त्या खुणेत नाही.

कार्डाऐवजी यूएसबीवर एसएसडी लावावी असं मुंबईहून सुचवलं गेलं. ऐकायला चांगलं, पण ती एसएसडी त्याच अशक्त तारेतून आणखी प्रवाह ओढणार. आजार वाढवणारं औषध.

आठ स्वतंत्र, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचे अडॅप्टर हा पुस्तकी उपाय. अडथळा अडॅप्टरच्या किमतीइतकाच आठ सॉकेटांचा होता. माडीचं वायरिंग जुनं आणि नवीन पॉइंट टाकायचा तर भिंत फोडावी लागणार.

टेबलावरून ५ ऐवजी १२ व्होल्ट फिरवायचे आणि प्रत्येक जागी बारकं बक कन्व्हर्टर लावून ५ करायचे, हा माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगला पर्याय. प्रवाह निम्म्याहून कमी होतो आणि वाटेतली घट कन्व्हर्टर सांभाळून घेतो. पण एखादा कन्व्हर्टर बिघडून १२ व्होल्ट सरळ बोर्डावर आले तर बोर्ड गेला. आणि त्या वर्षी बोर्ड जाणं परवडणारं नव्हतं. चिपटंचाईने रास्पबेरी पाय मिळेनासे झाले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर कंपनीने इतिहासात पहिल्यांदा भाव वाढवून २ जीबीचा पाय ४ हा ३५ डॉलरवरून ४५ वर नेला होता, आणि त्या भावातही तो हाताला लागत नव्हता.

अध्यक्षांचा कल सगळंच विकून नूतनीकृत एआरएम क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवरचे छोटे लॅपटॉप, घेण्याकडे होता. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता: लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, म्हणजे वीज गेली तरी यंत्र मरत नाही, आणि साठवण ईएमएमसीवर, म्हणजे आत जडवलेल्या चिपवर, कार्डाची भानगड नाही. पण प्रत्येक क्रोमबुक मॉडेलची अपडेट मिळण्याची शेवटची तारीख आधीच ठरलेली असते. स्वस्तात मिळणारी यंत्रं त्या तारखेच्या जवळ पोचलेली असतात. अकरा इंची पडद्यावर दिवसभर अर्ज भरायचे, हेही मुलांना नको होतं.

एसएमपीएसवरचा पेच फिरवून दाब वाढवावा, असं वायरमनने सुचवलं. आठव्या जागेला पाच मिळायचे तर दाराशी साडेपाचच्या आसपास ठेवावे लागले असते. आणि एकच यंत्र चालू असेल तेव्हा ते साडेपाच जवळपास तसेच बोर्डावर पोचले असते. पाच व्होल्टला पाच टक्क्यांची सवलत धरली तरी ५.२५ ही मर्यादा. तो विचार सोडला.

मग त्यानेच विचारलं, ‘एसएमपीएस दाराशीच का पायजे? २३० ची वायर टेबलाच्या मध्यापर्यंत नेली तर?’

प्रकरणाची गाठ इथे सुटली. मध्यावर ठेवलं की चार यंत्रं उजवीकडे, चार डावीकडे; प्रवाहही निम्मा, अंतरही निम्मं. घट निम्मी न होता चौथ्या हिश्श्याच्याही खाली येते. खर्च तीन मीटर वायर आणि पट्टी.

## काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

दुसरं दुखणं, म्हणजे अचानक तुटणारी वीज, यावर रास्पबेरी पायमध्ये तयार उपाय आहे. सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू केली की कार्ड कुलूपबंद होतं. सगळं लिखाण मेमरीत होतं आणि यंत्र बंद झाल्यावर विरून जातं. कार्डावर काहीच लिहायचं नसल्याने वीज कधीही तोडा.

प्रश्न असा की दोन्ही उपाय एकाच दिवशी करायचे का? केले असते तर कार्डं टिकली असती आणि कशामुळे टिकली ते कधीच कळलं नसतं. मला आधी फक्त एसएमपीएस हलवून महिनाभर थांबायचं होतं. बाईंनी ठाम नकार दिला. ‘अर्जाची मुदत तोंडावर आहे. पोरांची यंत्रं तुमच्या प्रयोगाला देणार नाही मी.’ शेवटी तडजोड झाली: एसएमपीएस लगेच मध्यावर, आणि सम आकड्यांच्या चार जागांना कुलूप, विषम चार उघड्या. बिघाड झालाच तर निम्मी यंत्रं खात्रीची राहणार होती, आणि तुलनाही आपोआप होणार होती.

एसएमपीएस हलवल्यावर पेच किंचित फिरवून दाब ५.१५ केला. एकच यंत्र चालू असलं तरी तो ५.२५ च्या आत राहतो. मग पुन्हा आठ व्हिडिओ लावून मोजलं. सर्वांत टोकाच्या जागांवर ४.९४. ‘अव्हॉइड वॉर्निंग्ज’ची ओळ काढली. शिपाईमामांसाठी पहिल्या यंत्रावर एक चिन्ह ठेवलं. त्यावर दोनदा टिचकी मारली की ते यंत्र बाकीच्या सातांना नेटवर्कवरून बंद होण्याची आज्ञा देतं आणि मग स्वतः बंद होतं. मामांनी ते दोन दिवसांत आत्मसात केलं. ‘आधी संगणक निजवायचे, मग दिवे’, असं तेच आता इतरांना बजावतात.

## परिणाम

पावसाळा सुरू होईपर्यंत उघड्या किंवा कुलूपबंद, कोणत्याच जागेचं कार्ड गेलं नाही. आठव्या जागेचंही नाही. याचा अर्थ आजवरच्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी तारेतली घट होती. जुलैत एका वादळी संध्याकाळी वीज चार-पाच वेळा गेली-आली. त्यात तीन आणि सात या उघड्या जागांची कार्डं बसली. सम जागांना काही झालं नाही. म्हणजे दुसरं कारणही खरं होतं. त्यानंतर आठही जागांना कुलूप घातलं. वर्ष संपेपर्यंत एकही कार्ड विकत घ्यावं लागलं नाही.

कुलपाने दोन नव्या अडचणी आणल्या, त्यातली पहिली घड्याळाची. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. यंत्र बंद होताना वेळ कार्डावर लिहून ठेवतं आणि उठल्यावर तिथून पुढे मोजायला लागतं, इंटरनेट मिळालं की बरोबर करून घेतं. पण कार्ड कुलूपबंद असेल तर ती वेळही लिहिली जात नाही. परिणाम असा की सगळी यंत्रं रोज सकाळी कुलूप घातलेल्या त्याच दिवशी जागी होत. वाचनालयाचं राउटर जोडणी घ्यायला दोन-तीन मिनिटं लावतं; तेवढ्यात एखाद्याने ब्राउझर उघडला की ‘प्रमाणपत्र अवैध’ असं येई आणि सरकारी संकेतस्थळ बंद आहे असा बोभाटा होई. आठ घड्याळं घेण्याऐवजी पहिल्या बोर्डावर एकच डीएस-३२३१ घड्याळाचं मॉड्यूल बसवलं. ते वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकतं, आणि बाकीची सात यंत्रं त्याच्याकडून वेळ घेतात.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागली. एका मुलीने दोन तास बसून टाइप केलेला अर्जाचा मसुदा डेस्कटॉपवर ठेवला आणि जेवायला गेली. वीज गेली, आली, मसुदा नाही. सूचना प्रत्येक मॉनिटरला चिकटवलेली होती, पण पूर्वी डेस्कटॉपवरच्या फाइली राहायच्या, ही सवय सूचनेपेक्षा जुनी. बाईंनी त्या संध्याकाळी तिच्या शेजारी बसून निम्मा मजकूर स्वतः टाइप करून दिला.

याच कुलपाचा एक न मागितलेला फायदाही झाला. आधी प्रत्येक यंत्रावर आधार कार्डांच्या, जातीच्या दाखल्यांच्या, सही-फोटोच्या स्कॅन केलेल्या फाइली साचलेल्या असत, कोणीही उघडाव्यात अशा. आता यंत्र बंद झालं की त्या जातात.

## वेगळं काय करता आलं असतं

उभारणीच्या दिवशी सर्वांत टोकाच्या जागेवर, सगळी यंत्रं चालू ठेवून आणि सगळ्यांवर काम टाकून दाब मोजला असता, तर हे प्रकरण घडलंच नसतं. पाच व्होल्टचा एकच स्रोत अनेक बोर्डांना वाटून देणाऱ्या कोणत्याही उभारणीत रिकाम्या टेबलावरचं मोजमाप फसवं असतं. मांडणी तशीच ठेवायची असती तरी स्रोत मध्यावर ठेवायला त्या दिवशी काहीच जास्त लागलं नसतं.

बिघडलेलं कार्ड पुसण्याआधी त्याची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवायला हवी होती. लिनक्सवर ते एका आज्ञेचं काम आहे. पहिल्याच कार्डाच्या लॉगमध्ये कमी दाबाच्या नोंदी सापडल्या असत्या. आता लॉग नेटवर्कवरून पहिल्या यंत्राला जोडलेल्या पेनड्राइव्हवर जमा होतात, कारण कुलूपबंद कार्डावर ते टिकणारही नाहीत.

वहीत जागेचा रकाना होता, बोर्डाचा नव्हता. अदलाबदल बाईंनी आठवणीने लिहिली म्हणून कळली; नाहीतर दोष बोर्डाचा की जागेचा हे वेगळं करता आलं नसतं. आता बोर्डांना अ ते ऐ अशी अक्षरं आहेत आणि वहीत चौथा रकाना.

फाइल हरवण्याच्या बाबतीत कुलूप घालण्याआधीच प्रत्येक कार्डावर एक वेगळा, उघडा कप्पा राखून ‘माझं काम’ नावाचं फोल्डर तिथे ठेवता आलं असतं. यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांना कागदपत्रांच्या फाइली आपोआप पुसल्या जाण्याची सोय सोडायची नाही. मुलांनी पेनड्राइव्ह आणावा असं त्या म्हणतात. मला वाटतं, रात्री पुसला जाणारा पण दुपारच्या वीज जाण्याने न पुसला जाणारा कप्पा ठेवता येईल.

आणि आठही जागा अजून एकाच एसएमपीएसवर आहेत. तो गेला की पूर्ण अभ्यासिका बंद. त्याच क्षमतेचा एक जादा एसएमपीएस कपाटात ठेवावा, असा ठराव पुढच्या बैठकीसाठी दिला आहे. अध्यक्ष म्हणाले, आधी कार्डांवर वर्षभर गेलेले पैसे किती वाचले ते दाखवा. बाईंनी वही काढून दिली आहे.